आठवं घर

मेडिकलच्या मागचं कॅन्टीन पाडायचं ठरलं
तेव्हा कंत्राटदारानं यादी केली:
पत्रे चौदा, दरवाजे तीन, भट्टी एक.
मांजरं यादीत नव्हती.

मी मोजली. पाच.
मोजली म्हणजे, रेकॉर्ड रूमची ड्युटी संपवून
पिंजऱ्यात बोंबलाचं डोकं ठेवायचं
आणि रात्री अकरालाही न निवणाऱ्या फरशीवर
ओढणीनं वारा घेत बसायचं,
खटका पडेपर्यंत.

पाळीव नाहीत ही.
भट्टीच्या राखेत जन्मली,
पोट्ट्यांच्या ताटातलं चोरून वाढली.
हात लावू पाहील त्याला ओरखडा आणि सुया.
कुणाच्या सोफ्यावर बसणार नाहीत,
कुणाच्या मोबाइलसाठी थांबणार नाहीत.
ऑपरेशन झालं, डाव्या कानाचं टोक गेलं,
तेवढीच त्यांच्याजवळची पावती.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात.
आम्ही आठवं शोधत कळमन्याला गेलो,
हेडाऊंच्या तुरीच्या गोदामात.

"उंदीर तूर खात नाई मॅडम, पोतं खाते.
तूर तं नुसती सांडते.
पगार किती घेईन तुमचं मांजर?"
दोन वेळचं खाणं, पाणी, झोपायला कोरडा कोपरा.
"एवढ्यात तं माणूस भेटते."
थप्पीला टेकलेला महागू हमाल
हसला नाही.

अफसरच्या छोट्या हत्तीत पाच पिंजरे, वर ओल्या चादरी.
सक्करदऱ्यापर्यंत पाचही ओरडली,
पारडीला गप्प झाली.
ते गप्प होणं मला जास्त लागलं.

तीन आठवडे जाळीच्या खोलीत.
मांजराला जागा नाकानं पाठ करावी लागते:
हे ज्यूट, ही तूर, हा महागूचा खर्रा,
हा शेजारच्या गोदामातून येणारा
भिवापुरी मिरचीचा खकाणा.
पहिले दोन दिवस पाचही शिंकत होती
आणि हेडाऊ जाळीबाहेर उभे राहून विचारत होते,
"सर्दी झाली का बे?"

बाविसाव्या दिवशी जाळी उघडली.
चार थप्प्यांवर चढली.
पाचवं, लंगडं पिवळं, सरळ फाटकातून गेलं,
ट्रकांच्या खालून, मागं न बघता.
पाडलेल्या कॅन्टीनपाशी मी पंधरा दिवस वाटी ठेवली.
वाटीला मुंग्या लागल्या.

पहिल्या आठवड्यात मांजर आडवं गेलं की
हमाल थांबायचे, पन्नास किलो पाठीवर घेऊन.
दुसऱ्या आठवड्यात कुणी थांबेना.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती: पार्बताबाई.
गोदाम त्या झाडतात. सांडलेली तूर त्यांची,
सुपानं पाखडून घरी नेतात.
उंदीर कमी झाले, सांडणं कमी झालं.
"तुमच्या मांजराइनं माह्या डाळीवर पाय देल्ला बाई,"
त्या म्हणाल्या, न रागावता,
आणि वाटीत भात कालवत राहिल्या.

मी हेडाऊंशी बोलले.
त्यांनी वहीत लिहिलं, हमालीच्या खाली:
मांजर चार, खाणं. पार्बता, रोज वीस.
वीस पुरतात का,
ते मी अजून विचारलेलं नाही.

काल गेले होते.
कॅन्टीनवाली काळी सगळ्यात उंच थप्पीवर.
मी जीभ टाळ्याला लावून जुनी हाक मारली.
तिनं गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं,
मग परत दोन पोत्यांमधल्या फटीकडे.
"थे कामावर हाये," पार्बताबाई म्हणाल्या.

पिशवीतले बोंबील मी त्यांच्या हातात दिले.
त्यांनी आधी हुंगले,
मग विचारलं,
"कोनासाठी?"